डुकाटचा पुतळा

खलपुरुषाची वकिली करणे हा अलीकडे सुसंस्कृतपणाचा पुरावा मानला जाऊ लागला आहे. कर्णापासून ही प्रथा सुरू झाली, दुर्योधनापर्यंत पोचली आणि आता रावणाच्या ओसरीवर जाऊन टेकली आहे. "तो वाईट नव्हता हो, त्याला कोणी समजूनच घेतले नाही," हे वाक्य एकदा उच्चारले की बोलणारा रसिक ठरतो आणि त्याला विरोध करणारा सोवळ्यातला शास्त्रीबुवा. या दुसऱ्या वर्गात मोडायला माझी हरकत नाही. पण पहिल्या वर्गात मी स्वतः काही आठवडे काढलेले आहेत, ही कबुली आधी द्यायला हवी. कारण ही सारी तक्रार त्या आठवड्यांतूनच जन्मली आहे.

माझा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे सहा महिने राहण्याचा योग आला. बाहेर बर्फ, आत मी, आणि वाचायला नेलेली पुस्तके पहिल्या महिन्यातच संपलेली. "मामा, एक मालिका दाखवतो, तुम्हांला आवडेल," असे म्हणून त्याने 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' लावली. १९९३ च्या जानेवारीत सुरू होऊन १९९९ च्या जूनमध्ये संपलेली, सात पर्वांची, १७६ भागांची ही मालिका. विज्ञानकथेची मला फारशी गोडी नाही. यंत्रांचे कौतुक मला पाच मिनिटांपलीकडे पेलत नाही. पण येथे यंत्रे बेताचीच निघाली. होते ते अंतराळातले एक ठाणे, नुकताच स्वतंत्र झालेला एक ग्रह, आणि नुकतेच तेथून चालते झालेले राज्यकर्ते. स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेल्या माणसाला हे जग परके कसे वाटावे?

बेजोर हा तो ग्रह. कार्डॅसिया नावाच्या शेजारच्या लष्करी सत्तेने त्यावर अर्धशतकाहून कमी नाही इतका काळ अंमल गाजविला, खाणी उपसल्या, छावण्यांतून माणसे राबवून मारली. त्या अंमलाच्या अखेरच्या काळातला बेजोरवरील सर्वोच्च अधिकारी म्हणजे गुल डुकाट. 'गुल' ही लष्करी हुद्द्याची पदवी. आपण त्याला सुभेदार म्हणू. कार्डॅसियाने काढता पाय घेतल्यावर ठाण्याचा कारभार पृथ्वीवाल्यांच्या संघराज्याकडून आलेल्या सिस्कोकडे गेला आणि त्याच्या हाताखाली आली मेजर कीरा नेरिस, मुक्तिसंग्रामात लहान वयापासून लढलेली बेजोरी स्त्री. डुकाट मात्र जाऊनही जात नाही. कधी शत्रू म्हणून, कधी गरजेपुरता मित्र म्हणून तो ठाण्यावर येत राहतो आणि आपल्याच जुन्या कचेरीत पाहुण्यासारखा वावरतो.

मार्क अलायमो या नटाने हा सुभेदार असा काही उभा केला आहे की पाहणाऱ्याने मान झुकवावी. आवाज रेशमासारखा. मान किंचित तिरपी. बोलण्यात अदब, विनोद आणि मधूनच एक दुखावलेपण. तो खोलीत आला की बाकीची पात्रे फिकी पडतात. ही व्यक्ती मुळात भली आहे, अशा समजुतीने आपण भूमिका केली, असे अलायमो यांचे म्हणणे असे, आणि नटाने ते तसेच धरायला हवे. नटाने आपल्या पात्राचे वकीलपत्र घेतलेच पाहिजे. प्रेक्षकाने मात्र न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठून त्या वकिलाच्या शेजारी बसण्याचे कारण नाही. मी बसलो होतो.

शनिवारी रात्री भाच्याकडे त्याच्या मित्रांची बैठक जमे. दोघे मराठी, एक तमिळ, एक शेजारचा अमेरिकन गृहस्थ. मालिका संपून पाव शतक लोटले तरी या चाहत्यांचा एक वाद काही शमत नाही, आणि तो वाद डुकाटचा. फिर्याद अशी : पहिली पाच वर्षे लेखकांनी हे पात्र पायरीपायरीने चढविले. १९९५ साली आलेल्या एका भागात डुकाट आपल्या अनौरस, अर्ध्या बेजोरी मुलीला, झियालला, शोधायला निघतो. मनात असते की सापडली तर ठार मारायची, म्हणजे घरी अब्रू जाणार नाही. बंदूक रोखतो, आणि मारू शकत नाही. तिला घरी नेतो. त्यापायी पद जाते, बायकामुले सोडून जातात, तरी तो मुलीला सोडीत नाही. अशा माणसाला १९९८ च्या जानेवारीत, 'वॉल्ट्झ' नावाच्या भागात, लेखकांनी एका रात्रीत वेडा आणि नरराक्षस करून टाकले. हा पात्राचा खून आहे. मराठी मंडळींपैकी एक, जो बोलण्यात सगळ्यांत तरबेज, मला म्हणाला, "काका, तुम्ही साहित्यातले. तुम्हीच सांगा, स्वभावचित्रणात सुसंगती नको का?"

सुसंगती हवी, यात दुमत कोणाचे? आरिस्टॉटलनेच ती अट घातली आहे, आणि वर असेही सांगून ठेवले आहे की पात्र विसंगत स्वभावाचे असेल तर ते सुसंगतपणे विसंगत असावे. पण सुसंगती म्हणजे काय? पाच वर्षे गोड बोलणारा सहाव्या वर्षीही गोडच बोलला पाहिजे, ही सुसंगती पोपटाची झाली. माणसाची सुसंगती त्याच्या बोलण्यात नसते, त्याच्या भुकेत असते. भूक कोणती ते एकदा ओळखले की तो हसतो का, रडतो का आणि मारतो का, हे तिन्ही एकाच धाग्यात ओवता येते.

डुकाटची भूक कृतज्ञतेची आहे. ज्यांच्या मानेवर पाय दिला त्यांनी तो पाय चेपून द्यावा आणि वर म्हणावे की सरकार, आपला पाय किती हलका! सत्ता त्याला पुरत नाही. सत्ता मिळालेल्यांची तर कार्डॅसियात रांग होती. त्याला बेजोरी माणसाचे प्रेम हवे आहे. कीरासमोर तो पुनःपुन्हा जातो, आर्जवे करतो, तिच्या तिरस्काराने खरोखरच खंतावतो, आणि पुन्हा जातो. १९९७ च्या शरदातील एका भागात, विजय हाताशी आलेला असताना, तो कुरकुरतो ती कशाबद्दल? तर बेजोरच्या लोकांना आपण मुलांसारखे सांभाळले, आणि तरी त्या ग्रहावर आपला एकही पुतळा नाही! हे ऐकून बैठकीतले सगळे हसले. मीही हसलो. हसण्यासारखेच वाक्य होते. पण त्या वाक्यात पुढचे सगळे भाग आधीच लिहून झाले होते.

मग झियालचे काय? तिचे प्रेम खोटे होते, असे मी म्हणत नाही. पण पाहा, ती कोण आहे? सगळ्या बेजोरी रक्तात एकटी अशी, जी त्याच्याकडे वर मान करून पाहते आणि 'बाबा' म्हणते. त्याच्या भुकेला मिळालेला तो एकुलता एक घास. तीच मुलगी जेव्हा त्याला सांगते की कीराच्या लोकांना तुरुंगातून सोडविण्यात माझा हात होता, तेव्हा त्याचाच दुय्यम अधिकारी डमार तिला फितूर म्हणून गोळी घालतो. डुकाट तेथेच मोडतो. कोठडीत बसून तो बडबडतो, आणि सिस्को भेटायला आला तेव्हा सिस्कोचा बेसबॉलचा चेंडू त्याच्या हातात परत देत म्हणतो की मी तुलाही क्षमा केली आहे. क्षमा! आयुष्यभर ज्याने क्षमा मागायची, तो देत सुटला आहे. वेड लागल्यावरही माणूस आपली खुर्ची सोडीत नाही, याहून अचूक स्वभावचित्रण मी तरी फारसे पाहिलेले नाही.

आणि ज्यांना १९९८ मध्ये धक्का बसला त्यांनी १९९३ विसरावे, हे नवल आहे. दुसऱ्या पर्वाच्या आरंभीच असे उघड होते की याच सुभेदाराने एका राजकीय प्रतिस्पर्ध्याचा लहान मुलगा मुद्दाम बेजोरवर अनाथ म्हणून सोडवून दिला होता; पुढेमागे त्या बापाला बदनाम करायला उपयोगी पडेल म्हणून. मुलाचा उपयोग ठेवणीतल्या हुंडीसारखा! झियालवर बंदूक रोखणारा हात आणि हा हात एकाच माणसाचे आहेत. झियालवर त्याने ती चालविली नाही, तेवढे आपल्याला आठवते. रोखली होती, हे आपण सोडून देतो.

आता 'वॉल्ट्झ'. रोनाल्ड मूर यांनी लिहिलेला हा भाग जवळजवळ दोन माणसांचे नाटक आहे. उजाड ग्रहावरची एक गुहा, जखमी सिस्को आणि डुकाट. बाकीचे येतात ते डुकाटच्या डोक्यातून बाहेर पडलेले भास : वेयून त्याची स्तुती करतो, डमार त्याला भडकावतो, कीरा त्याला हसते. तो सिस्कोकडे एकच गोष्ट मागतो : माझा न्याय कर, म्हणजे अर्थातच मला निर्दोष सोड. आणि आपली बाजू मांडताना तो आकडे देतो. मी आलो तेव्हा अंमलाला जवळपास चाळीस वर्षे झाली होती. मी आल्याबरोबर छावण्यांतले कामाचे प्रमाण निम्म्यावर आणले. मुलांना राबविणे बंद केले. औषधपाणी सुधारले, शिधा वाढविला. महिन्याभरात मृत्यूचे प्रमाण वीस टक्क्यांनी उतरले. आणि बेजोरींनी काय केले? अंतराळातली एक गोदी उडवून दोनशेहून अधिक कार्डॅसियन मारले. मग मीही मोजून दोनशे संशयित पकडले आणि मारले. दोनशेला दोनशे. यात द्वेष कोठे आहे? हा तर न्याय झाला.

हे ऐकताना बैठकीतला आमचा तरबेज मित्र म्हणाला, "बघा काका, निम्म्यावर आणले होते त्याने!" आणि माझ्या पोटात एकदम कालवले. कारण हे वाक्य मी आधी ऐकले होते. न्यू जर्सीत नव्हे. आमच्या घरी, माजघरात, आजोबांच्या तोंडून.

आजोबा जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे. त्यांचा साहेब, म्हणजे त्या वेळचा इंग्रज कलेक्टर, मोठा सज्जन होता, असे ते मरेपर्यंत सांगत. आत्याला विषमज्वर झाला तेव्हा साहेबाने स्वतः विचारपूस केली, डॉक्टर पाठविला. तो विलायतेला परत जाताना आजोबांना त्याने एक शिफारसपत्र दिले. ते त्यांनी ट्रंकेत, धोतरांच्या घडीखाली, जपून ठेवले होते. त्याच साहेबाच्या सहीने बेचाळीस साली आसपासच्या गावांवर सामुदायिक दंड बसले. धाकट्या आजोबांना पोलिसांनी फोडून काढले, ते त्याच्याच अमलात. आजोबा म्हणत, "साहेबाने दंड निम्मा केला हो. वरून दुप्पट सांगितला होता." दंडाच्या याद्या कोणाच्या अक्षरात होत्या, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारण्याइतका मोठा झालो तेव्हा ते थकले होते, आणि खरे सांगायचे तर मला उत्तर नको होते.

माझे आजोबा वाईट नव्हते. साहेबही कदाचित घरी मुलांना मांडीवर घेत असेल. पण निम्मा कशाचा, हा प्रश्न त्या घरात कोणी केला नाही. पूर्ण दंड बसविण्याचा अधिकार साहेबाला कोणी दिला? निम्मी गुलामी देणाऱ्याचे आभार मानायला आपण तयार होतो, कारण पुरी गुलामी ही जणू ईश्वरदत्त असते. डुकाटची भुरळ पडते ती याच जागी. तो छळणारा म्हणून आवडत नाही, छळ निम्मा करणारा म्हणून आवडतो. आणि 'वॉल्ट्झ'च्या अखेरीस, सिस्कोने डिवचल्यावर, त्याच्या तोंडून जेव्हा बाहेर पडते की या बेजोरींना शेवटच्या माणसापर्यंत मारायला हवे होते, तेव्हा चाहते म्हणतात की पात्र बदलले. बदलले काहीच नाही. आभार येत नाहीत असे ठरल्यावर निम्म्याचा हिशेब बंद झाला, इतकेच.

आमच्या रंगभूमीवर हा माणूस येऊन गेला आहे. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. सैरंध्रीवर डोळा ठेवणाऱ्या त्या उन्मत्त सेनापतीत प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले. सरकारनेही ओळखले, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तेव्हाच्या पिटातल्या प्रेक्षकाला कीचकाच्या कोमल बाजूची चिंता पडलेली नव्हती. तो काही आपल्याहून अडाणी नव्हता. त्याला फक्त रोज सकाळी कीचकाच्या कचेरीत जावे लागत होते. डुकाटची वकिली करणाऱ्यांना तसे कोठे जावे लागत नाही, आणि दुरून पाहिले की कीचकाचा आवाजही रेशमी लागतो. १९९८ च्याच एका भागात कीराला कळते की तिची आई डुकाटची ठेवलेली बाई होती आणि त्या मोबदल्यात तिच्या वडिलांना व भावंडांना अन्न-औषध मिळत राहिले. त्या शिध्यावर कीरा वाढली. हा भाग पाहताना बैठकीत कोणी काही बोलले नाही. तरबेज मित्रही नाही.

येथवर चाहत्यांशी भांडलो. आता लेखकांशी भांडायचे आहे, आणि तेथे मी थोडा चाहत्यांच्या बाजूला सरकतो.

मालिकेचे सूत्रधार आयरा स्टीव्हन बेहर यांना प्रेक्षकांचे हे डुकाटप्रेम खटकत होते, आणि त्यांनी ते लपविले नाही. खटकणे योग्यच होते. पण वर्गातली मुले गणित चुकतात म्हणून मास्तराने गणितच बदलावे, तसे पुढे झाले. १९९८ च्या जूनमध्ये डुकाटच्या अंगात 'पा-रेथ' नावाचे एक दुष्ट पिशाच्च शिरते, आणि त्या अवस्थेत तो जाडझिया डॅक्स या सर्वांच्या लाडक्या स्त्रीला मारतो. डोळे लाल होतात, हातातून वीज निघते. हे पाहून मला गावच्या जत्रेतला पडद्यावरचा महिषासुर आठवला. अहो, ज्याने पिशाच्चाच्या मदतीवाचून, शुद्धीवर राहून, कागदावर सही करून माणसे मारली, त्याला भुताची गरज कशाला? भूत अंगात आले की जबाबदारी भुताची. चाहत्यांनी वकिली करून त्याला जेवढे सोडविले नव्हते, तेवढे लेखकांनी त्याला राक्षस करून सोडविले. साध्या, हसऱ्या, कार्यक्षम अधिकाऱ्याच्या हातून जे घडते ते भयंकर, कारण तो आपल्या ओळखीचा असतो. लाल डोळ्यांच्या माणसाला ओळखायला अक्कल लागत नाही, आणि त्याच्यात आपला साहेब किंवा आपला आजोबा दिसण्याची भीतीही उरत नाही.

मात्र याच पडत्या काळात एक भाग असा आहे की त्यासाठी मी लेखकांचे बाकीचे गुन्हे निम्मे माफ करीन. (निम्मे! पाहा, सवय जात नाही.) १९९८ च्या नोव्हेंबरमधला 'कव्हनन्ट'. डुकाट एका ओसाड ठाण्यावर बेजोरी भक्तांचा पंथ स्थापून बसला आहे. पन्नास वर्षे ज्यांनी आभार मानले नाहीत, त्यांच्यातलेच काही आता त्याच्या पाया पडतात. पुतळा मिळाला, आणि तोही जिवंत! मग एका भक्तिणीला मूल होते आणि त्या तान्ह्याचा चेहरा बापाचे नाव सांगतो. डुकाट आधी ते दैवी चमत्कार म्हणून खपवितो. मग त्या बाईला ठार मारू पाहतो. ते फसल्यावर देवाची आज्ञा म्हणून सगळ्यांना विष घ्यायला सांगतो. स्वतःची गोळी तेवढी निर्विष. कीराने आयत्या वेळी गोळ्या सांडून मिसळून टाकल्या, आणि आपली गोळी कोणती हे न कळून भर सभेत देवाची तारांबळ उडाली. येथे लाल डोळे नाहीत की वीज नाही. झियालवर बंदूक रोखणारा, अब्रूसाठी आपले रक्त पुसायला निघालेला तोच बाप येथे आहे. ज्यांना सुसंगती हवी त्यांनी १९९५ चा तो भाग आणि हा भाग एका रात्रीत लागोपाठ पाहावेत. त्यानंतर १९९९ मध्ये तो शस्त्रक्रियेने बेजोरी चेहरा करून घेतो, इथपर्यंतही मी त्याच्याबरोबर जायला तयार आहे. शेवटची आगीची गुहा आणि सिस्कोशी झोंबाझोंबी मात्र मी डुलक्या घेत पाहिली.

आणि पश्चात्ताप म्हणजे काय हे या मालिकेला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये. पहिल्याच पर्वात, १९९३ च्या जूनमध्ये, 'ड्युएट' नावाचा भाग आहे. त्यात मारिट्झा नावाचा एक कार्डॅसियन येतो. गॅलिटेपच्या छावणीत हा साधा कारकून होता. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कानांवर हात दाबून धरीत असे. त्याने कोणाला मारले नाही. पण पुढे आपला चेहरा बदलून तो त्या छावणीच्या क्रूर अधिकाऱ्याचे सोंग घेतो आणि बेजोरींच्या हाती मुद्दाम सापडतो. माझ्यावर खटला भरा, मला फाशी द्या, म्हणजे कार्डॅसियाला आपले कृत्य कबूल करावे लागेल. साहेबाचे पाप कारकून अंगावर घेतो. साहेब स्वतःचेच घेत नाही. चाहत्यांच्या वादात या कारकुनाचे नाव मी एकदाच ऐकले, तेही ओझरते. त्याचा आवाज रेशमी नव्हता.

निघण्याच्या आदल्या शनिवारी बैठक मोडल्यावर तो तरबेज मित्र दारात बूट चढवीत मला म्हणाला, "काका, तुम्ही काहीही म्हणा, पण डुकाट नसता तर मालिकेत मजा नव्हती." मी म्हणालो, "ते कोण नाकारतो आहे?" आणि ते खरेच आहे.

पुण्याला परत आल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. धोतरांच्या घड्या कसरीने खाल्ल्या आहेत. पत्र शाबूत आहे. जाड, पांढरा कागद, खाली साहेबाची वळणदार सही. भाच्याच्या मुलीने मागे फोनवर विचारले होते की ते फ्रेम करून तिच्याकडे पाठवाल का, घराण्याची आठवण म्हणून. अजून पाठविलेले नाही. पाठवायचेच झाले तर त्याच फ्रेममध्ये बेचाळीसच्या एखाद्या दंडाच्या यादीची नक्कल लावून पाठवीन, असे तिला कळविले आहे. यादी दप्तरखान्यात मिळते का, याची चौकशी चालू आहे. अक्षर मी लगेच ओळखीन.